हत्तीवाल्याची पाटी

कुडव्याच्या रत्नपाल पेंटरची एक खोड गोंदियाच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. पाटी रंगवून झाली, वाळली, दुकानदार खूश झाला, तरी हा गडी पाटी झाली असं म्हणायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लुनावर मागे आपल्या आईला बसवून आणायचा, रस्त्याच्या पलीकडे तिला उभी करायचा आणि विचारायचा, माय, कशाचं दुकान आहे? रुख्माबाई पदर सावरून, डोळ्यांवर हात धरून पाटीकडे बघायची. तिला अक्षरओळख नव्हती. तिने कपड्याचं म्हटलं आणि दुकान कपड्याचंच असलं, तर पाटी पास. नाहीतर रत्नपाल निमूटपणे पुन्हा शिडी लावायचा. दुकानदार कपाळाला हात लावायचे. एका दुकानदाराने तर त्याला तोंडावर सांगितलं होतं की बाबा रे, माझ्या गिऱ्हाइकांना वाचता येतं, मी काही तुझ्या आईसाठी दुकान उघडलेलं नाही. रत्नपालने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तो हजर झालाच.

खोड त्याच्या गुरूची होती, शालीकराम पेंटरची. शालीकराम म्हणायचे की वाचणारा माणूस पाटी बघतच नाही, तो नाव वाचतो आणि पुढे जातो. पाटी खरी बघतो तो न वाचणारा, म्हणून आधी त्याला दाखवा. बाकीचे शागीर्द यासाठी हमाल, गुराखी असे कुणीतरी शोधत फिरायचे. रत्नपालला परीक्षक घरातच मिळाला होता. रुख्माबाई सडक अर्जुनीकडची. छप्पन साली घरात धम्म आला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. बापाने त्यानंतर हट्टाने पोरांना शाळेत घातलं, पण शेतावर गेलेल्या आईमागे पाठची तीन भावंडं सांभाळायला कुणीतरी घरी राहायला हवं होतं, ती रुख्मा राहिली. भावंडं शिकली. पुढे आपल्या एकुलत्या एक पोराला तिने शाळेत सोडलं तेव्हा मास्तरांना बजावून सांगितलं होतं की पोराचं अक्षर चांगलं झालं पाहिजे. अक्षर चांगलं म्हणजे काय ते तिला दुरून दिसत असे, एवढंच.

१९९९ साली मे महिन्यात गोंदिया जिल्हा झाला आणि गावातल्या तमाम पेंटरांचं नशीब उघडलं. त्या दिवसापर्यंत शाळा, दवाखाना, सोसायटी, राइस मिल, जिथे बघावं तिथे पाटीच्या तळाशी ‘जि. भंडारा’ लिहिलेलं होतं. आता सगळ्यांनाच ते पुसून ‘जि. गोंदिया’ हवं होतं आणि तेही उद्याच. रत्नपाल पहाटे निघायचा तो दिवे लागल्यावर परत यायचा. दहा वर्षांच्या सवयीचा हात, पांढरा रंग मारून वाळवला की पुन्हा आपोआप ‘भंडारा’च लिहून मोकळा व्हायचा. एकदा तर एका शाळेच्या भिंतीवर सलग तीनदा झालं, तेव्हा हेडमास्तर खुर्ची टाकून त्याच्या मागे बसून राहिले. तो ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं हसत सांगायचा. त्या वर्षी त्याने घरावर स्लॅब टाकला.

मग फ्लेक्स आलं. रात्रीतून आलं नाही, दोन-चार वर्षांत हळूहळू पसरलं, पण पसरलं ते सगळं झाकूनच. सकाळी सांगा, संध्याकाळी पाटी तयार, त्यावर दुकानदाराचा फोटो, त्याच्या बापाचा फोटो आणि वर एका कोपऱ्यात देवाचा. रत्नपाल ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवू लागला, मग गाड्यांचे नंबर, मग तेही स्टिकरवर गेलं. शेवटी एका फ्लेक्सवाल्याकडेच लोखंडी चौकटींना फ्लेक्स ताणून बसवायच्या कामाला लागला. ब्रश त्याने केरोसिनमध्ये धुऊन, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले होते. महिन्यातून एकदा सोडून बघायचा आणि परत गुंडाळायचा. रुख्माबाईही बाजारात यायची बंद झाली. तिला दाखवायचं असं त्याच्याकडे काही राहिलं नव्हतं आणि हे त्याला फार लागायचं.

२०१३ साली उन्हाळ्याच्या तोंडाला चावललाइनीत एक नवीच गोष्ट घडली. चावललाइन म्हणजे तांदळाच्या जुन्या व्यापाऱ्यांची ओळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून अठरा दुकानं, सगळ्यांना सागवानी खांब, पुढे ओटा, छपराखाली कोरीव लाकडी पट्टी आणि दाराला खाचेत सरकवायच्या फळ्या. पण हे आहे हे लोक विसरून गेले होते, कारण सगळं फ्लेक्सच्या मागे गेलं होतं. व्यापाऱ्यांच्याच मुलांनी मिळून समिती काढली, पालिकेची संमती घेतली आणि नागपूरहून स्नेहल नावाची आर्किटेक्ट बोलावली. तिने महिनाभर टेप घेऊन लाइन मोजली आणि पाट्यांचे नियम लिहून दिले. पाटी लाकडी पट्टीच्या आतच बसली पाहिजे, उंची दीड फुटाच्या वर नको. जुन्या लाकडात नवा खिळा नको, आहेत त्याच कड्यांना पाटी टांगायची. रंग दिलेल्या सहातले दोनच. फ्लेक्स नाही, दिवे नाहीत, फोन नंबर नाही, पेंटरचं नाव नाही आणि चित्र नाही. पाटीवर फक्त दुकानाचं नाव, हाताने रंगवलेलं.

हाताने रंगवलेलं, हे लिहून झाल्यावर स्नेहलने गावात पेंटर शोधायला सुरुवात केली तेव्हा तिला दोन मेलेले आणि एक जिवंत सापडला. जिवंत होता तो फ्लेक्स ताणत होता.

पहिली पाटी हिरालाल बिसेन यांची ठरली. त्यांचं धानाच्या बियाण्याचं दुकान लाइनीच्या मधोमध, आणि समितीत त्यांचा शब्द जड. स्नेहलने रत्नपालला काहीही न लपवता सांगितलं की दादा, हिरालालजींची पाटी टिकली तर बाकीचे सतरा येतील, ते मागे फिरले तर कुणीच येणार नाही आणि हे नियम कपाटात जातील. रत्नपालने घरी येऊन साडीचा तुकडा सोडला. त्याला कळत होतं की हे गेलं तर पुन्हा असं काही येणार नाही. वय एक्केचाळीस, आणि हातातलं एकुलतं एक कसब.

त्याने जीव ओतून काम केलं. सागाची फळी घासली, अस्तर दिलं, गर्द हिरव्यावर सायीच्या रंगाची अक्षरं काढली. ‘बिसेन बीज भांडार’. ब आणि भ यांच्या पोटांचा डौल, शिरोरेषेची जाडी, दोन शब्दांमधली जागा, सगळं स्नेहलच्या कागदावरच्या मापात आणि तरी जिवंत. पाटी कड्यांना टांगली तेव्हा छपराची कोरीव पट्टी आणि पाटी एकाच दिवशी घडल्यासारखी दिसली. स्नेहल किती तरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली की दादा, मी हे कागदावर काढलं होतं खरं, पण मला हे दिसलं नव्हतं. समितीच्या पोरांनी फोटो काढले. रत्नपाल त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला.

आणि आईला न्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, त्याने नेलंच नाही. पाटी कागदावर पास झालेली, मॅडमनी पास केलेली, समितीने पास केलेली, आता आणखी कुणी पास करायचं, असा त्याने विचार केला. रुख्माबाईने दोनदा विचारलं, तेव्हा ऊन फार आहे म्हणाला. ऊन होतंच म्हणा.

मे संपत आला आणि खेड्यापाड्यांतून माणसं बियाण्याला येऊ लागली. सालेकशाकडची, आमगावची, अर्जुनीची. त्यातली म्हातारी माणसं हिरालालजींना बिसेन म्हणून ओळखतच नव्हती. ती ओळखत होती हत्तीवाला म्हणून. हिरालालजींचे वडील केवलराम यांनी दुकान काढलं तेव्हा पाटीवर एक हत्ती काढून घेतला होता, सोंडेत धानाची पेंढी धरलेला. पुढे पाटी तीनदा बदलली, शेवटी फ्लेक्सही आलं, पण हत्ती प्रत्येक वेळी नव्या पाटीवर उतरला होता. तीन पिढ्या बियाणं हत्तीवाल्याकडूनच नेत होत्या. आता लाइनीत सतरा झगझगीत फ्लेक्स आणि मधे एक शांत हिरवी पाटी. माणसं तिच्याखालून जायची, पुढे जाऊन थांबायची, परत फिरायची. लाइनीच्या टोकाला दुसरं एक बियाण्याचं दुकान होतं, त्याच्या फ्लेक्सवर धानाच्या लोंब्या होत्या. दमलेला माणूस शेवटी तिथे शिरायचा. धुरपताबाई नावाची सालेकशाकडची एक म्हातारी तर हिरालालजींच्याच ओट्यावर पाणी प्यायली आणि त्यांनाच विचारू लागली की हत्तीवाला मेला का?

त्या दिवशी हिरालालजींनी रत्नपालला बोलावून घेतलं. चहा दिला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“पाटी एकदम बढिया हाय, मी नाई म्हनत नाई,” ते म्हणाले. “पन मानूस मले नाई शोधून राहिला रत्नपाल, तो हत्तीले शोधून राहिला. आठ दिवस पायतो. नाई जमलं तं मी जुनं फ्लेक्स लावतो. मंग समितीनं मले काय म्हनायचं ते म्हनो.”

रत्नपालने नागपूरला फोन लावला. स्नेहलने शांतपणे ऐकून घेतलं. हत्ती सुंदर असेल, ती म्हणाली, पण एकाला चित्र दिलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. आज हत्ती येईल, उद्या मोबाइलवाल्याची नटी येईल, आणि वर्षभरात आपण होतो तिथे जाऊ. तिचं चुकत नव्हतं. हिरालालजींचंही चुकत नव्हतं. दोघं बरोबर असले की मधला माणूस मरतो, आणि मधे रत्नपाल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लुना काढली आणि आईला बसायला सांगितलं. रुख्माबाई काही न विचारता बसली. चावललाइनीच्या तोंडाशी त्याने तिला उतरवलं आणि म्हणाला, माय, हत्तीवाल्याच्या दुकानी जा. ती निघाली. तिने कितीतरी वर्षांपूर्वी रत्नपालच्याच हातचा हत्ती त्या दुकानावर बघून पास केला होता, त्याच्या कानाला नावं ठेवून. ती वर बघत बघत चालली, हिरव्या पाटीखालून पुढे गेली, टोकाला गेली, वळली आणि पुन्हा पाटीखालून आली. तिसऱ्यांदा मात्र ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मुलाकडे बघू लागली. रत्नपाल धावत गेला. त्याने बोटाने पाटी दाखवली. रुख्माबाईने ती नीट पाहिली.

“देखनी झाली रे,” ती म्हणाली. “हात तुहाच हाय, तो समजते मले.” मग म्हणाली, “पन हे एक झालं. उद्या अठराही असेच करसील, तं आमी कोनाकोनाले पुसत फिरावं?”

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, बाजारभाव विचारावा तितक्या साधेपणाने म्हटलं होतं. पण रत्नपालला शरम वाटली. सगळी हयात ज्या बाईला विचारून पाट्या केल्या, तिला या एकाच वेळी विचारलं नाही आणि तिलाच रस्त्यावर उभं केलं. त्याने तिला समोरच्या ओट्यावर सावलीत बसवलं आणि आपणही शेजारी बसला.

हिरालालजींचं दुकान तेव्हा उघडत होतं. देवचंद हमाल खाचेतून एकेक फळी सरकवून काढत होता आणि ओट्याच्या कडेला भिंतीशी एकीला एक लावून उभी करत होता. प्रत्येक फळीवर वर आकडा होता, एक ते अकरा, कारण फळ्या जुन्या, हाताने घडवलेल्या, आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. अकराच्या अकरा फळ्या लागल्या तेव्हा त्यांच्या कडांचा एक सोळा इंच रुंदीचा गठ्ठा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. रत्नपाल त्याकडे नुसताच बघत होता. शाळेत असताना पोरं जाड वहीच्या कडेवर, पानं घट्ट दाबून आपलं नाव लिहितात, ते त्याला आठवलं. तोही लिहायचा, आणि पानं उघडली की नाव विरून जायचं.

तो उठला आणि सरळ दुकानात जाऊन त्याने नियमांचा कागद मागितला. पाटीबद्दल दोन पानं होती. फळ्यांबद्दल एकच ओळ होती, की फळ्यांवरचे आकडे पूर्वीसारखे रंगवून घ्यावेत. कडांबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं, कारण फळ्यांच्या कडांचा विचार आजवर कुणी केलाच नव्हता.

बाजारबंदच्या दिवशी त्याने फळ्या मागच्या अंगणात क्रमाने लावून दोरीने आवळल्या आणि कडांवर हत्ती काढला. छातीच्या उंचीवर, हिरवा आणि सायीचा, पाटीचेच दोन रंग. पहिल्या फळीवर शेपूट आली, मग मागचा पाय, मग पोट, आणि शेवटच्या दोन फळ्यांवर सोंड आणि धानाची पेंढी. दोरी सोडली तेव्हा हत्ती अकरा पट्ट्यांत सांडला. पण चोरून काही करायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने स्नेहलला फोन केला की मॅडम, दुकान उघडायच्या आत या आणि स्वतः बघा.

ती पहिल्या गाडीने आली. दुकान बंद होतं, फळ्या खाचेत बसलेल्या, कडा आत दडलेल्या. तिने पाटी पाहिली, फळ्यांवरचे ताजे आकडे पाहिले. नियमाबाहेर केसाएवढंही काही नव्हतं. हिरालालजी आले आणि देवचंदने फळ्या काढायला सुरुवात केली. पहिली फळी भिंतीशी लागली, दुसरी लागली. तिसऱ्या-चौथ्या फळीला मागचा पाय जमिनीवर आला, मग पोट भरलं, मग कान आला, आणि अकराव्या फळीबरोबर सोंडेतली पेंढी पुरी झाली. दुकान उघडलं आणि हत्ती उभा राहिला.

स्नेहल खाली बसली आणि कडांवरून बोट फिरवत राहिली. “दादा, हे पाटीवर नाही,” ती शेवटी म्हणाली.

“नाई मॅडम,” रत्नपाल म्हणाला. “दुकान बंद झालं का हत्ती घरी जाते.”

तिला हसू आलं. नियमांच्या कागदावर तिने तिथेच पेनने एक ओळ वाढवली, की फळ्यांच्या कडांवर दुकानाची जुनी खूण पाटीच्याच दोन रंगांत काढता येईल. खाली सही केली. हिरालालजींनी फ्लेक्स पुन्हा लावलं नाही. त्या मोसमात माणसं लाइनीत शिरायची, वर न बघता छातीच्या उंचीवर बघत चालायची आणि हत्ती दिसला की ओटा चढायची. धुरपताबाई पुन्हा आली तेव्हा तिने हिरालालजींना सांगितलं की बरं झालं, तुमचा हत्ती खाली उतरला, मान दुखायची. दिवाळीपर्यंत सात पाट्या झाल्या. किराणावाल्याच्या फळ्यांवर तराजू आला, भांडेवाल्याच्या फळ्यांवर घागर.

डिसेंबरातल्या एका सकाळी रत्नपाल समोरच्या रांगेत आठव्या पाटीसाठी शिडीवर होता. आई आज येणार नव्हती, तिचे गुडघे धरले होते. पण कुडव्याहून येणाऱ्या ऑटोतून ती एकटीच उतरलेली त्याला वरून दिसली. तिने त्याला हाक मारली नाही. ती दुकानं बघत बघत चालली होती, तराजूपाशी थांबली, घागरीपाशी थांबली, आणि हत्तीपाशी येऊन तिने कपाळाला आठ्या घातल्या. देवचंदला त्या दिवशी घाई होती, ट्रक खाली करायचा होता. त्याने फळ्या हाताला येतील तशा लावून टाकल्या होत्या आणि हत्तीची सोंड पोटात गेली होती.

रुख्माबाईने त्याला पोतं खाली ठेवायला लावलं. मग स्वतः पुढे होऊन एकेका फळीला हात लावत सांगू लागली, हे मांगच्या पायाची, हे इकडे घे, हे पोटाची, हे कानाची. देवचंद वैतागून म्हणाला की आजी, वर आकडे लिहिले आहेत, मी लावतो ना बरोबर.

“आकडे तू वाच,” रुख्माबाई म्हणाली. “मी हत्ती वाचतो.”

तिने फळ्या लावून घेतल्या. एक ते अकरा, एकही आकडा न ओळखता, एकही न चुकता. मग दोन पावलं मागे सरून, डोळ्यांवर हात धरून तिने हत्ती पुरा पाहिला आणि मान हलवली. शिडीवर रत्नपालच्या हातातला ब्रश तसाच राहिला होता आणि त्याला समोरचं धूसर दिसत होतं. त्याच्या हातचं काही आज पहिल्यांदाच आईने वाचलं होतं, आणि चूक काढून दुरुस्तही केलं होतं.

तिने वर बघून त्याला विचारलं की ही आठवी कशाची? त्याने डोळे बाहीला पुसले आणि म्हणाला, अजून व्हायची आहे माय, झाली की तूच सांग.